शाळेची समिती आणि पक्षाची निष्ठा

‘शाळेत राजकारण नको’ हे वाक्य आपल्याकडे इतके सर्वमान्य झाले आहे की ते उच्चारणाऱ्याला कधी पुरावा द्यावा लागत नाही. गावच्या शाळा व्यवस्थापन समितीची निवड असो की एखाद्या शिक्षणसंस्थेच्या कार्यकारिणीची. पक्षाचे वा संघटनेचे काम करणाऱ्याचे नाव पुढे आले की कोणीतरी हे वाक्य म्हणतो आणि चर्चा तिथेच संपते. प्रस्तुत लेखात या वाक्याची तपासणी करायची आहे. एखादी व्यक्ती राजकीय पक्षाची सभासद आहे, एवढ्यावरून तिला शाळेच्या कारभारापासून दूर ठेवावे काय? आणि दूर ठेवले तर त्याचा फटका प्रत्यक्षात कोणाला बसतो? दलित चळवळीतील कार्यकर्त्यांच्या आणि शिक्षकांच्या दृष्टीने या दोन प्रश्नांपैकी दुसरा अधिक महत्त्वाचा आहे.

कायदा काय म्हणतो

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम २१ प्रमाणे विनाअनुदानित शाळा वगळता प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे. समितीचे किमान तीन-चतुर्थांश सभासद मुलांचे पालक असावेत, निम्म्या सभासद स्त्रिया असाव्यात, आणि वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाव्यात, असे हे कलम सांगते. अनुसूचित जाती व जमाती या ‘वंचित घटक’ या व्याख्येत स्पष्टपणे येतात. उरलेल्या जागांवर स्थानिक संस्थेचे निवडून आलेले प्रतिनिधी आणि शिक्षक येतात. महाराष्ट्रात समितीचा अध्यक्ष पालकांमधून निवडला जातो आणि मुख्याध्यापक सचिवाचे काम पाहतो. (अल्पसंख्याकांच्या शाळा आणि इतर अनुदानित शाळा येथे २०१२ च्या दुरुस्तीने ही समिती केवळ सल्लागार राहिली आहे.)

समितीची कामे लहान नाहीत. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणे, विकास आराखडा तयार करणे आणि आलेल्या अनुदानाचा विनियोग तपासणे ही तिची कायदेशीर कर्तव्ये आहेत. शिक्षक वेळेवर येतो की नाही, पोषण आहाराचा तांदूळ कोठे जातो, पंगतीत कोणाचे मूल कोठे बसते, वर्गखोलीच्या दुरुस्तीचे पैसे कोणाच्या हातून खर्च होतात, हे विचारण्याचा अधिकार या समितीला आहे. शाळेतील सत्ता म्हणतात ती हीच.

या कलमात पक्षसभासदत्वाबद्दल एक शब्दही नाही. उलट स्थानिक संस्थेच्या लोकप्रतिनिधीला जागा देऊन कायद्याने राजकारणी माणूस स्वतःच समितीवर आणून बसवला आहे. संस्था वा संघटना स्थापन करण्याचा अधिकार राज्यघटनेच्या कलम १९ ने प्रत्येक नागरिकाला दिला आहे. तो वापरला म्हणून आपल्या मुलाच्या शाळेत बोलण्याचा अधिकार जातो, असे कोणताही कायदा म्हणत नाही. खाजगी संस्था सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या असतात. तेथेही पक्षाचा सभासद विश्वस्त होऊ नये अशी अट नाही.

मग ‘राजकारण नको’ हा नियम कोठून आला? तो कायद्यातून आलेला नाही, गावकीतून आला आहे.

कोणाचे राजकारण दिसते आणि कोणाचे दिसत नाही

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निवडणुका पक्षचिन्हावर होत नाहीत. पण म्हणून गावात पक्ष नसतात काय? पॅनेल कोणाचे, त्यामागे कोणता आमदार, कोणता कारखाना, कोणती बँक, हे गावातील लहान पोरही सांगू शकते. सत्तेचे हे जाळे भावकी, सोयरिक आणि सहकारी सोसायटी यांतून विणलेले असते. त्याला चिन्ह लागत नाही, झेंडा लागत नाही. म्हणून त्याला कोणी राजकारणही म्हणत नाही. त्याला ‘गाव’ म्हणतात.

याउलट दलित वस्तीतील एखादा पालक रिपब्लिकन गटाचा, वंचित बहुजन आघाडीचा किंवा बहुजन समाज पक्षाचा कार्यकर्ता असतो. त्याला ना कारखाना, ना बँक, ना भावकीचा जोर. त्याच्याजवळ जे बळ आहे ते संघटनेचे आहे, आणि ते लपवता येत नाही. त्याच्या घरावर निळा झेंडा असतो. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत तो पुढे असतो. शाळेत मुलांना वेगळे बसवले तर तो अर्ज करतो, तहसीलला जातो, वर्तमानपत्राला बातमी देतो. समितीच्या निवडीच्या दिवशी त्याचे नाव आले की ‘राजकारण नको’ म्हटले जाते. त्याच सभेत सरपंचाच्या चुलतभावाचे नाव ‘प्रतिष्ठित पालक’ म्हणून मंजूर होते.

येथे एक साधी गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. पक्षनिष्ठा हा अपात्रतेचा निकष केला, तर तो उघड निष्ठेलाच लागू पडतो. झाकलेल्या निष्ठेला त्याची झळ लागत नाही. आणि आपल्या समाजव्यवस्थेत निष्ठा झाकून ठेवण्याची चैन प्रस्थापितांनाच परवडते. तेव्हा वरवर सर्वांना सारखा दिसणारा हा नियम व्यवहारात दलित पालकांच्या संघटित आवाजाविरुद्ध जातो. कायद्याने प्रमाणात जागा द्यायला सांगितल्या आहेत, म्हणून दलित पालक घेतला जातो. पण तो कसा घेतला जातो? जो विचारणार नाही, सही करील, आणि सभेचे इतिवृत्त आपल्या घरी आणून दिले तरी चालेल असे म्हणेल, तो निवडला जातो. जागा भरते, प्रतिनिधित्व मात्र रिकामे राहते.

शाळेचे दार राजकारणानेच उघडले

इतिहास पाहिला तर आपल्या मुलांसाठी शाळेचे दार कोणाच्या सदिच्छेने उघडलेले नाही. राजकीय निर्णयाने ते उघडले. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. आणि १८८२ सालीच त्यांनी हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी मांडली. शाहू महाराजांनी १९१९ मध्ये करवीर संस्थानातील अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वसाधारण शाळांत बसवण्याचा हुकूम काढला. १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात जो ठराव मंजूर करून घेतला, तो आपण महाडच्या पाण्यामुळे लक्षात ठेवतो. पण त्या ठरावात सार्वजनिक पाणवठे व धर्मशाळा यांच्याबरोबर सार्वजनिक शाळाही होत्या. त्याच वर्षीच्या प्राथमिक शिक्षण कायद्याने मुंबई इलाख्यातील प्राथमिक शाळा स्थानिक मंडळांच्या हाती दिल्या. शाळेच्या मंडळावर कोण बसतो, हा प्रश्न तेव्हापासून अस्पृश्यांच्या शिक्षणाचा कळीचा प्रश्न झाला. ठराव कौन्सिलात झाला तरी अंमल गावातील मंडळाच्या हाती होता.

बाबासाहेबांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. १९३५ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना केली, १९३७ मध्ये ते मुंबई विधानसभेवर निवडून आले, आणि १९३८ पर्यंत प्राचार्यपदही सांभाळले. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली तेव्हा ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे सर्वोच्च नेतेही. ‘राजकारणी माणसाने शिक्षणसंस्थेत येऊ नये’ हा नियम तेव्हा लागू असता तर मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय निघाले नसते आणि येथील नागसेनवन वसले नसते.

परंतु या उदाहरणातून अर्धाच धडा घेऊन चालणार नाही. बाबासाहेबांनी महाविद्यालय फेडरेशनची शाखा म्हणून काढले नाही. त्यासाठी स्वतंत्र, नोंदणीकृत सोसायटी उभारली. महाविद्यालयांना पक्षाचे नाव न देता सिद्धार्थ आणि मिलिंद ही नावे दिली. प्रवेश सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांना होता. औरंगाबादच्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद म. भि. चिटणीस यांच्यासारख्या, दलित समाजाबाहेरून आलेल्या प्राध्यापकाकडे होते. १९५० मध्ये सुरू झालेल्या या महाविद्यालयाची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. त्याच महिन्यात बाबासाहेब केंद्रीय मंत्रिमंडळातून बाहेर पडले. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत आणि १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत त्यांचा पराभव झाला. पण नागसेनवनातील विद्यार्थ्याचे शिक्षण या निकालांना बांधलेले नव्हते. माणूस पक्षाचा होता, संस्था पक्षाची नव्हती. हा भेद आपण विसरतो तेथे घात होतो.

दुसरी बाजू: भीती खोटी नाही

‘राजकारण नको’ म्हणणारा प्रत्येक जण जातीयवादी असतो, असे समजणे चुकीचे ठरेल. त्याच्या म्हणण्यामागे अनुभव आहे. महाराष्ट्रातील मोठ्या शिक्षणसंस्था आणि सत्तेचे राजकारण यांचे नाते जुने व उघड आहे. रयत शिक्षण संस्थेचे अध्यक्षपद शरद पवार यांच्यासारख्या पक्षनेत्याकडे दीर्घकाळ राहिले. आपल्या शहरातील मौलाना आझाद महाविद्यालय काँग्रेसचे मंत्री डॉ. रफिक झकेरिया यांच्या पुढाकाराने उभे राहिले. देवगिरी महाविद्यालय चालवणाऱ्या मराठवाडा शिक्षण प्रसारक मंडळाच्या सरचिटणीसपदी सतीश चव्हाण हे विधान परिषदेतील आमदार राहिले आहेत. या संस्थांतून हजारो गरीब मुले शिकली, हे नाकारता येणार नाही. मात्र संस्था आणि मतदारसंघ एकाच हातात आले की शिक्षकाचे मन सावध होते. बदली, नेमणूक आणि निवडणुकीतील काम या तिन्ही गोष्टी एकाच दारावर येऊन थांबतील काय, अशी शंका त्याला येते. खाजगी शाळांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ मध्ये आणि नियम १९८१ मध्ये करावे लागले, ते शिक्षकाला संस्थेच्या मर्जीपासून संरक्षण देण्यासाठीच.

सत्ताधारी पक्ष शाळेला वेठीला धरतो तेव्हा काय होते, याचे उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटलांच्या चरित्रात आहे. त्यांनी सरकारवर टीका केल्यानंतर १९४८ मध्ये मुंबई सरकारने रयतचे अनुदान काही काळ रोखले होते. त्यात टीका करणाऱ्यापेक्षा जास्त उपाशी राहिली ती वसतिगृहातील मुले.

आणि आपल्या घरातले काय? रिपब्लिकन पक्ष १९५७ मध्ये स्थापन झाला आणि लवकरच गटागटांत फुटला. ही फूट पक्षापुरती राहिली नाही. बाबासाहेबांच्या सोसायटीत विश्वस्तपदाचे आणि अध्यक्षपदाचे वाद वर्षानुवर्षे धर्मादाय आयुक्तांपुढे व न्यायालयांत चालले, आणि वेगवेगळ्या गटांचे नेते त्यांत उतरले. गावकीच्या राजकारणावर बोट ठेवताना आपण हे बोट आपल्या घराकडेही वळवले पाहिजे. नागसेनवनातील ग्रंथालय, वसतिगृह आणि प्रयोगशाळा यांना गट नसतो. तेथे शिकणाऱ्या मुलीला आपला अध्यक्ष कोणत्या गटाचा आहे हे कळण्याची गरज पडू नये.

शिक्षकाला वेगळा नियम का

येथे शिक्षक वाचक विचारतील, की मग आम्हालाच का बंधन? जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला वर्तणूक नियमांप्रमाणे राजकीय पक्षाचे सभासद होता येत नाही. दुसरीकडे राज्यघटनेच्या कलम १७१ ने विधान परिषदेच्या एक-द्वादशांश जागा शिक्षकांच्या मतदारसंघांना दिल्या आहेत. म्हणजे माध्यमिक व त्यावरच्या शिक्षकाला शिक्षक म्हणूनच राजकीय मत दिले आहे. यात विसंगती दिसते, पण भेदाला कारण आहे. वर्गात शिक्षक एकटा असतो आणि समोर मुले असतात. त्याच्या हाती गुण असतात, शिक्षा असते, शाबासकी असते. त्या सत्तेला पक्षाचा रंग चढला तर मूल तिचा प्रतिकार करू शकत नाही. समितीचा सभासद एकटा काही करू शकत नाही. त्याला इतर पालकांसमोर, सभेत, ठरावाने बोलावे लागते. तेव्हा वर्गातील सत्तेला जे बंधन लागते ते समितीतील आवाजाला लावण्याचे कारण नाही.

इतर देशांनी काय केले

हा प्रश्न आपल्यापुरता नाही. इंग्लंडमध्ये शाळेच्या समितीवरील सभासदाला स्कूल गव्हर्नर म्हणतात. एके काळी तेथील अनेक स्थानिक प्राधिकरणे या जागा आपल्या सभागृहातील पक्षबळाप्रमाणे वाटून घेत. १९७७ च्या टेलर समितीने प्राधिकरण, शिक्षक, पालक आणि स्थानिक समाज यांना समान वाटा द्यावा असे सुचवले. १९८६ च्या कायद्याने प्राधिकरणाचे वजन घटवून पालकांच्या जागा वाढवल्या. अलीकडच्या शासकीय सूचनांनी तर प्राधिकरणाने सुचवायचे नाव पक्षबळाशी जोडणे हा अमान्य व्यवहार ठरवला. पण पक्षाचा सभासद असणे ही तेथे अपात्रता नाही. म्हणजे त्यांनी पक्षाचा कोटा काढला, पक्षातल्या माणसाला मात्र येऊ दिले. वर्गात एकतर्फी राजकीय प्रचाराला बंदी आहे, ती वेगळ्या कायद्याने.

न्यूयॉर्कचा अनुभव कठोर आहे. १९६७ मध्ये ब्रुकलिनमधील ओशन हिल–ब्राऊन्सव्हिल या कृष्णवर्णीय व पोर्टोरिकन वस्तीत शाळांचा कारभार स्थानिक मंडळाकडे देण्याचा प्रयोग झाला. १९६८ मध्ये मंडळाने काही शिक्षकांना बाहेर काढताच शिक्षक संघटनेने शहरभर संप केले आणि प्रयोग मोडला. पुढे १९६९ च्या कायद्याने साऱ्या शहरात स्थानिक शाळा मंडळे आली. पण त्यांच्या निवडणुकांना पालक फारच कमी आले. संघटित गटांनी जागा बळकावल्या, काही मंडळांत नेमणुकांचे गैरव्यवहार झाले, आणि २००२ मध्ये सत्ता महापौरांकडे गेली. या अनुभवातून आपल्याला घेण्यासारखी गोष्ट एकच: पालक सभेला आले नाहीत, तर शाळा ज्याची संघटना आहे त्याची होते.

आपल्या शहराचा अनुभव याला जोड देतो. औरंगाबाद महानगरपालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली आणि पाच वर्षांहून अधिक काळ तेथे लोकनियुक्त सभागृहच नव्हते. जिल्हा परिषदेतही २०२२ नंतर काही वर्षे प्रशासक होता. पक्ष नसलेला कारभार पाहायचा असेल तर तो आपण पाहिला आहे. गरीब पालकाला ठोठावण्यासाठी एक दार कमी झाले, एवढाच त्याचा अर्थ.

मग निकष कोणता

पक्ष विचारण्याऐवजी सभासदाचे वर्तन विचारावे, आणि ते सर्वांना सारखे विचारावे. त्यासाठी पुढील गोष्टींचा आग्रह धरता येईल.

पहिली, निवड पालकांच्या उघड सभेत व्हावी. मुख्याध्यापकाने घरी बसून यादी करू नये. दलित पालकांच्या जागेवर कोण, हे दलित पालकांनी ठरवावे.

दुसरी, स्वतःचा, नातेवाइकाचा वा आपल्या पक्षाच्या माणसाचा ठेका, किराणा किंवा नेमणूक यांचा विषय आला की सभासदाने तसे सांगून त्या ठरावातून बाजूला व्हावे. हा नियम निळ्या झेंड्याला लागू, तसाच सरपंचाच्या चुलतभावालाही लागू.

तिसरी, शाळेची इमारत, मुले आणि शिक्षक कोणत्याही पक्षाच्या सभेसाठी, स्वागतासाठी वा फलकासाठी वापरले जाऊ नयेत. शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीचे सरकारी काम यांखेरीज अशैक्षणिक कामाला लावता येत नाही, असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ सांगते. पक्षाचे काम त्यात येत नाही.

चौथी, सभेचे इतिवृत्त आणि अनुदानाचा हिशेब सूचनाफलकावर लागावा. लागत नसेल तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे.

पाचवी, अनुदानित संस्थांत बिंदुनामावली आणि अनुशेष यांची माहिती मागावी. आरक्षित जागा कोणत्या पक्षाच्या संस्थाचालकाने भरली आणि कोणत्या पक्षाच्या संस्थाचालकाने रिकामी ठेवली, हे पाहिले की पक्षाच्या नावापेक्षा अधिक कळते. आपल्या माणसांच्या संस्थांनाही हाच प्रश्न विचारावा.

हे निकष लावले तर पक्षाचा कार्यकर्ता समितीवर येईल आणि त्याचा पक्ष दाराबाहेर राहील. ‘राजकारण नको’ म्हणणाऱ्या प्रामाणिक माणसाची भीतीही त्यातून दूर होईल, आणि ते वाक्य हत्यार म्हणून वापरणाऱ्याच्या हातातून हत्यारही जाईल.

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे ही समिती दर दोन वर्षांनी नव्याने बनवायची असते. तेव्हा आपल्या गावच्या, वॉर्डाच्या शाळेत मागील समितीची मुदत कधी संपते, हे प्रत्येक कार्यकर्त्याने आजच विचारून ठेवावे. वस्तीतील आयाबायांना त्या दिवशी सभेला घेऊन जावे. निम्म्या जागा त्यांच्याच आहेत. कोणी पक्ष विचारला तर तो न लपवता सांगावा, आणि मग गेल्या वर्षीचे इतिवृत्त मागावे.